आमच्या विहिरीशेजारचा गोठा

माझ्या वडिलांना लोक देवमाणूस म्हणायचे. अजूनही कुणी जुनं भेटलं की म्हणतं, आणि ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एखाद्याला देवमाणूस ठरवलं की त्याच्याकडून काहीही घेता येतं आणि वर हात जोडून मोकळं होता येतं. आबा देवमाणूस नव्हते. म्हशी पाळणारे, दूध घालणारे, चार माणसांत बसून चहा पिणारे साधे गृहस्थ होते. नव्वदी गाठेपर्यंत त्यांनी धार काढायची सोडली नाही. त्यांना राग यायचा, आणि तो का यायचा हे त्यांना नीट सांगताही यायचं. लोकांनी ऐकून घेतलं नाही, एवढंच. म्हणून मी आता, माझेच गुडघे धरून बसायचे दिवस आलेत तेव्हा, ते सगळं लिहून ठेवते आहे.

आमचं घर शहराबाहेर होतं. आज कुणाला सांगितलं तर हसतील, कारण तो भाग आता शहराच्या पोटात गेलाय. जालना रस्त्यापासून आत, चिकलठाण्याच्या अलीकडं आमचा दोन एकरांचा तुकडा, त्यात पत्र्याचं घर, गोठा आणि विहीर. आमचं घराणं पिढीजात गुरं राखणारं. आजा गुरं घेऊन हिंडायचा, आबांनी एका जागी पाय रोवला. पहाटे मला जाग यायची ती चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं. रिकाम्या चरवीत पहिली धार पत्र्यावर पाऊस पडावा तशी वाजते, मग भांडं भरत जातं तसा आवाज जड होतो आणि शेवटी नुसता फेस कुजबुजतो. झोपेतच कळायचं, आता बिजली झाली, आता मथुरा चालू आहे. चांदीची धार सगळ्यात शेवटी, कारण ती आबांशिवाय कुणाला सडाला हात लावू द्यायची नाही. मग माय चुलीपुढं बसायची. ज्वारीची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तांब्याभर ताक. दूध घरात असून आम्ही ताक प्यायचो आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. म्हैस व्याली की मात्र पहिल्या चिकाचा खरवस व्हायचा आणि तो आधी शेजारी जायचा, मग आमच्या ताटात यायचा. मायचा तो नियम होता.

शेजारी म्हणजे कॉलनी. माझ्या लहानपणी तिथं नुसतं माळरान होतं, आमच्या म्हशी चरायच्या. मग कारखाने आले, सकाळी भोंगा वाजायला लागला, माळावर चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या आणि बघता बघता पक्की घरं उभी राहिली. नोकरदार माणसं होती, शिकलेली. आबांना तर आनंद झाला. सायकलला कॅन बांधून ते दारोदार रतीब घालायचे, आणि कुणाच्या घरी बाळंतीण आली, कुणाचं पोर आजारी आहे, सगळं त्यांना ठाऊक असायचं. माझ्या शाळेतल्या निमकरबाईही त्याच कॉलनीत राहायला आल्या. बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं की मी त्यांच्या फळ्यावरून वळण उचललं. माझा 'श' आजही त्यांच्यासारखा निघतो.

मग दुष्काळ पडला. एक वर्ष नाही, लागोपाठ. दुसऱ्या उन्हाळ्यात कॉलनीचे नळ कोरडे पडले. टँकर यायचा म्हणे, पण तो कधी यायचा ते टँकरवाल्यालाच ठाऊक. आसपासच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला आणि आमच्या विहिरीला मात्र कुठूनसा झरा होता, बारीक पण न तुटणारा. कॉलनीतल्या बाया हंडे घेऊन येऊ लागल्या. आबांनी कुणाला विचारलं नाही, कुणाला अडवलं नाही. उलट कप्पीला नवा दोर आणून लावला. आणि एक नियम केला, जो मला तेव्हाही पटला नव्हता: सकाळी आधी माणसांचं पाणी, म्हशींना नंतर. माणसांचं उरकेपर्यंत विहीर खरवडून निघायची. झरा पुन्हा साचेपर्यंत दुपार व्हायची आणि म्हशी दावणीला जीभ काढून उभ्या असायच्या. दूध निम्म्यावर आलं. माय बोलायची, की अहो, मुक्या जित्राबाचा तळतळाट घेऊ नका. आबा म्हणायचे, माणसाला दम धरवत नाही, म्हशीला धरवतो. उन्हाळाभर आम्ही असं काढलं.

एका दुपारी एक शिपाई कागद देऊन गेला. कोणत्या कचेरीचा ते मी इथं लिहीत नाही. त्या कचेरीत आज वेगळी माणसं आहेत, आणि शिक्का बदलला म्हणून स्वभाव बदलत नाही हेही मला माहीत आहे. घरात वाचता येणारी मी एकटी, नववीतली. आबा बाजेवर बसले आणि म्हणाले, वाच. वरचा कागद नोटिशीचा होता. आठ दिवसांत अनधिकृत गोठा हटवावा. खाली त्याला कॉलनीच्या हातानं लिहिलेल्या अर्जाची कार्बन नक्कल टाचलेली. मी वाचत गेले. "आमच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीशेजारी एका इसमाने म्हशींचा गोठा केला असून त्यामुळे आमच्या विहिरीचे पाणी दूषित होऊन रहिवाशांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे." खाली सह्या होत्या, एकोणीस. आबांनी मला तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "इसम म्हंजी कोण?"

मी म्हटलं, तुम्ही.

मला तेव्हा नोटिशीपेक्षा दुसरंच काही दिसत होतं. अर्जातला 'श'. तसा 'श' आमच्या शाळेत माझ्याशिवाय एकच हात काढायचा.

आबा दोनदा कचेरीत जाऊन आले. गोठा कॉलनीच्या आधीचा आहे, विहीर मी स्वतः खणलेली आहे, कागद घरात आहेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. दोन्ही वेळा साहेब जागेवर नव्हते. नवव्या दिवशी आबा रतीबाला गेले असताना चार माणसं आणि एक हवालदार आले. मायनं त्यांना हात जोडले, मालक घरी नाही, थोडं थांबा म्हणाली. ते थांबले नाहीत. सातही म्हशी दाव्यातून सोडल्या आणि काठ्या मारत रस्त्याला लावल्या. म्हशींनी अजून पाणी प्यायलं नव्हतं. कॉलनीच्या बाया हंडे भरून नुकत्याच गेल्या होत्या, विहिरीच्या काठावर त्यांचं सांडलेलं पाणी अजून ओलं होतं. मला ते ओले दगड आठवतात आणि आजही तोंड कडू होतं. चांदी गाभण होती, दिवस भरत आलेले. तिला पळवत नाही, हे बघून कुणालाही कळलं असतं.

मी आणि माय सोबत चालत गेलो. डांबरी रस्ता तापलेला, मथुराचा एक खूर फाटून रक्त येत होतं. कोंडवाडा शहरात होता. चार भिंती, वर छप्पर नाही, मधे पाण्याचा हौद आणि त्यात पाण्याऐवजी वाळलेली पानं. राखणीला करीमचाचा म्हणून एक म्हातारे होते. मी रडत होते. ते म्हणाले, "बेटी, मेरे पास चाबी है, हुकूम नई." मग ते आपल्या घरी गेले आणि दोन घागरी पाणी घेऊन आले. त्यांच्या घरातही पिण्याचंच पाणी असणार. सात म्हशींना दोन घागरी. त्या दिवशी आम्हाला न मागता पाणी देणारा तो एकच माणूस भेटला, आणि तो आमच्या विहिरीचा थेंबही प्यायलेला नव्हता.

आबा आले ते थेट कचेरीतून. साहेब कन्नड तालुक्यात दुष्काळी कामं बघायला गेले होते, परवा येणार होते, आणि त्यांच्या सहीशिवाय म्हशी सुटणार नव्हत्या. संध्याकाळ होत आली तशा म्हशी रेकायला लागल्या. धारेची वेळ झाली की कास ठणकते, ते दुखणं त्यांना सोसत नाही. आबांनी करीमचाचांना विचारलं, धार काढू का. चाचांनी चावी लावून दिली. आबा कोंडवाड्याच्या शेणात उकिडवे बसले आणि आटलेली चांदी सोडून एकेक म्हैस मोकळी केली. तहानलेल्या जनावराला पान्हा कुठून फुटणार? सगळ्या मिळून दोन चरव्याही भरल्या नाहीत. ते दूध मायच्या हाती देऊन आबा म्हणाले, मोठ्या माणसांचा रतीब आज बंद, पण लेकरं असलेल्या चार घरी पोचवा.

मी म्हटलं, मी नाही जाणार. त्या चारही घरांच्या सह्या आहेत.

आबा म्हणाले, "सही मोठ्या माणसानं केली. लेकरानं केली का?"

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पटलेलं नाही. माझ्या मते त्या दिवशी ते दूध रस्त्यावर ओतायला हवं होतं. मी गेले, कारण मायच्या पायांना फोड आले होते आणि तिला एकटीला पाठवणं मला जमलं नाही.

तीन घरांनी दूध घेतलं आणि दार लावलं. एका घरात तर उशीर झाला म्हणून बोलणंही ऐकलं. चौथं घर निमकरबाईंचं. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली, तिचं दूध कमी पडत होतं. बाईंनी पातेलं पुढं केलं. मी दूध ओतलं आणि तिथंच उभी राहिले. माय माझा हात ओढत होती.

"बाई, तुम्ही आमच्या विहिरीशेजारी असं लिहिलंत. म्हणजे कुणाच्या?"

बाईंचा चेहरा उतरला. अगं, त्या म्हणाल्या, सगळ्यांच्या वतीनं अर्ज लिहायचा म्हणजे तसंच लिहितात.

"मग आम्ही त्या सगळ्यांत नव्हतो का?"

आतून बाळाचं रडणं येत होतं. मी पातेल्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि निघाले. आयुष्यात मोठ्या माणसाला दिलेलं ते माझं पहिलं उत्तर. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदी कोंडवाड्यात बसली ती उठली नाही. तिला वेळेआधी कळा आल्या. आबा तिच्या डोक्याशी होते, आपल्या फेट्याचं टोक ओलं करून तिच्या तोंडात पिळत होते. रेडकू मेलेलंच बाहेर आलं आणि घटकाभरात चांदीही गेली. आबा रडले नाहीत. त्यांनी तिच्या गळ्यातली घंटा सोडली आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. तेवढ्यात कचेरीचा एक माणूस आला आणि म्हणाला, मेलेलं जनावर मालकानं उचलायचं असतं. जिवंत असताना ती अनधिकृत होती, मेल्यावर मालकाची झाली.

साहेब आले, सही झाली, सहा म्हशी घरी आल्या. गोठा हलवायला महिन्याची मुदत मिळाली. आमच्या भावकीतली माणसं जमली. एकानं बाभळीच्या काट्यांचा भारा आणला आणि विहिरीच्या तोंडाशी टाकला. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, विहीर बंद करा, मरू द्या तहानेनं. खरं सांगते, मीही काट्या ओढायला पुढं झाले होते. आबा म्हणाले, थांबा, मला आधी बोलू द्या.

रविवारी कॉलनीतली माणसं मोकळ्या प्लॉटवर पाण्याच्या प्रश्नासाठी जमायची. आबा मला घेऊन तिथं गेले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. खुर्च्या होत्या, पण कुणी बसा म्हणालं नाही. अध्यक्ष म्हणवणारे एक चष्मेवाले गृहस्थ उठले आणि झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं म्हणाले. आमचा हेतू तसा नव्हता, तुम्ही देवमाणूस आहात, वगैरे. ते संपेपर्यंत आबा ऐकत राहिले.

"म्हशीचं मागून बोलू," ते म्हणाले. "आदी त्या अर्जातला एक शब्द खोडा. आमच्या विहिरीशेजारी लिव्हलंय. आमच्या खोडा अन् सखारामच्या लिव्हा."

दोघं-तिघं हसले. गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, सखारामभाऊ, तो नुसता लिहिण्याचा भाग आहे.

"मंग खोडायला काय जातंय?"

त्यांना वाटत होतं, अडाणी माणूस आहे, शब्दाला धरून बसलाय. मला मात्र हळूहळू कळायला लागलं. आबांना सही करता येत नव्हती, पण कागदाची जात त्यांना त्या सगळ्या शिकलेल्यांपेक्षा जास्त कळत होती. कागदावर आज 'आमची' लिहिलं की उद्या ती तशीच होते. पुढं मी चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केली. हजारो अर्ज हाताखालून गेले. जमिनी, रस्ते, विहिरी कशा जातात ते मी जवळून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मला तो प्लॉट आणि ते हसणं आठवलं.

मग निमकरबाई उठल्या. नोटीस ठेवायला आणलेल्या माझ्या वहीतला कागद मागितला, पेन त्यांच्याकडं होतं. उभ्याउभ्या लिहिलं, की सदर विहीर सखाराम यांच्या मालकीची असून त्यांनी दुष्काळात आपल्या जनावरांच्या आधी आम्हास पाणी दिले, पूर्वीच्या अर्जातील मजकूर चुकीचा आहे. खाली सही केली आणि कागद फिरवला. एकोणीसपैकी आणखी तिघांनी सही केली. बाकीच्यांना घरी कामं निघाली. एकजण जाता जाता मला म्हणाला, उद्या पाणी आहे ना?

तो कागद घेऊन आबा आणि मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं की आलेल्या अर्जात दुरुस्ती करायची सोय नाही, नवा अर्ज करा आणि मूळ एकोणीसही जणांच्या सह्या आणा. कागदाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. वर्षभरानं त्या भागाचा नकाशा निघाला. आमच्या विहिरीवर निळा ठिपका होता आणि शेजारी लिहिलं होतं, सार्वजनिक विहीर. त्यात पुढं कचरा पडला, मग दगडमाती, मग ती बुजवली. आता त्या जागी मोटारी धुवायचं दुकान आहे. बोअरचं पाणी दिवसभर रस्त्यावर वाहत असतं. मी रिक्षानं तिकडून गेले की मान फिरवते.

काट्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. कचेरीतून परत आल्यावर आबांनी स्वतः त्या काट्या उचलून चुलीशेजारी टाकल्या. उरलेला महिनाभर बाया पाणी भरत राहिल्या. फरक एकच केला: सकाळी आधी म्हशी, मग माणसं. त्यावर कॉलनीत कुरकुर झाली म्हणे.

गोठा हलवायची मुदत संपली तसे आम्ही चिकलठाण्याच्याही पलीकडं गेलो, मामाच्या मुरमाड रानात. आबांनी आणि मायनं तिथं नवी विहीर खणली. गोठा पुन्हा भरला, रतीब पुन्हा सुरू झाला. मी शिकले, नोकरीला लागले. आणि मग शहर आमच्या मागोमाग तिथंही येऊन पोचलं. पुढचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या रानाला लागून कामगारांच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, आणि तिथल्या बाया रिकामे हंडे घेऊन बांधावर उभ्या राहायला लागल्या.

आबांनी मला निरोप पाठवला, येताना तेलरंगाचा डबा अन् ब्रश आण. मी रविवारी गेले. विहिरीचा काठ त्यांनी चुन्यानं रंगवून ठेवला होता. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: ही विहीर सखाराम यांची आहे. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, हा माणूस शहाणा झाला. तर ते म्हणाले, आता खाली लिव्ह, पाणी सगळ्यांना हाय. माझा ब्रश तिथंच थांबला. मी भांडले. म्हटलं, पुन्हा तेच होणार, पुन्हा कुणीतरी अर्ज करणार, तुम्हाला कळत कसं नाही.

"व्हईल की," ते म्हणाले. "तव्हा वाचून दाखवायला कायतरी असावं. लिव्ह."

मी लिहिलं, रागारागानं, म्हणून दुसरी ओळ थोडी वाकडी आली. रंग ओला असतानाच बांधावरून एक पोरसवदा बाई आली, कडेवर लेकरू, हातात हंडा. आबांनी तिला थांबवलं आणि काठावरची अक्षरं दाखवली. ती ओशाळून म्हणाली, बाबा, मला वाचता येत नाही.

"मला बी नाय येत," आबा म्हणाले. "मंग ऐक. ही विहीर माझी हाय."

ती म्हणाली, व्हय.

"आता भर."